नऊ फळ्यांचं टेबल

मित्रांनो, मी जेवणाचं टेबल. म्हातारं, पण अजून ठणठणीत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या डोंगरात नऊ घरांनी मिळून जमीन घेतली, एकत्र राहायचं ठरवलं, आणि प्रत्येक घराने एकेक फळी आणली. असा माझा जन्म झाला. फळ्या चिकटवायच्या नाहीत, नटबोल्टने जोडायच्या, असा नियम होता. ज्याला जायचं असेल त्याने आपली फळी खुशाल सोडवून न्यावी, बाकीच्यांनी त्याला मदत करावी.

भांडी कोणी घासायची यावरून माझ्याभोवती रोज वाद व्हायचे. तरी इतक्या तऱ्हेची माणसं पुन्हा एकत्र जेवायला बसायची, याचं मला फार नवल वाटे.

मधली फळी मेव्हची. ती मातीची भांडी घडवते. गेल्या हिवाळ्यात तिला एकटीने जेवावंसं वाटू लागलं, आणि टोमणे सुरू झाले.

"आल्या राणीसाहेब!" इथला सगळ्यात जुना माणूस क्लाइव्ह म्हणायचा. "भोपळ्याचं सूप आवडत नाही, की आमची तोंडं?"

"तोंडं चालतील रे, पण ती बंद कुठे होतात!"

एका रविवारी मात्र तिचे डोळे भरून आले. "थोडा एकांत मागितला तर तुम्हाला गुन्हा वाटतो. मी जाते," म्हणाली, आणि पाना घेऊन आली.

मधोमध खिंडार पडल्यावर माझं काय उरणार? नियमाप्रमाणे सगळे मदतीला उठले. क्लाइव्ह खाली वाकला. नट गंजले असतील असं मेव्हला वाटलं होतं, पण पहिला नट नुसत्या बोटांनी फिरला.

"याला तेल कोणी घातलं?"

"मीच घालतो दर वर्षी. सगळ्यांच्याच नटांना," क्लाइव्ह पुटपुटला. "अगं, जायची वाट गंजली, तर राहण्याला काय किंमत?"

"मग टोमणे कशाला मारतोस, म्हाताऱ्या?"

"तू नसलीस की मला जेवण जात नाही."

एवढ्याशा माणसांत एवढं मोठं मन कुठे मावतं, मला कळेना.

मेव्हने फळी नेलीच. पण नेली ती आपल्या घराच्या ओसरीपर्यंत. तिथे ती एकटी जेवते, कोणी विचारत नाही. माझ्या फटीतून मुलांचे चमचे खाली पडतात. गुरुवारी मात्र ती फळी खांद्यावर टाकून येते, आणि क्लाइव्ह वाकून ती जोडून देतो.

मित्रांनो, मला पुसा, रंगवा, तुमची मर्जी. पण बोल्टांना तेल घालायला विसरू नका. आणि नट आवळाल ते हातानेच आवळा, पान्याने नको.