टाकीवाल्यांची दया

दोन वर्षं दोर्तेआनं गावासमोरच्या आखातात कुणाला हात घालू दिला नव्हता. ना गावाला, ना स्वतःला. पाद्रीबाबांनी चर्चमध्ये प्रार्थना करून आखात बंद केलं की ती सासी. मग तळाशी सरपटणारी गुबगुबीत समुद्रकाकडी, शिंपले, शेवंड, कशालाही शिवायचं नाही. या वेळी राखण बायकांकडे आली, तेव्हा पुरुषमंडळी सुपारी चघळत म्हणाली होती, "बायका राखणार? सहा महिन्यांत स्वतःच ओरबाडतील!"

आज सासी उघडली होती, तीही सूर्यास्तापर्यंतच. नियम जुनाच: स्वतःच्या दमावर बुडी मारायची आणि वीतभर नसेल तो जीव परत सोडायचा. दुपारपर्यंत दोर्तेआ आणि तिच्या तिघी सोबतिणींनी वीत लावून लावून होडीखालची जाळी भरली आणि त्या वर येऊन दम खात बसल्या.

तेवढ्यात रिसॉर्टची बोट आली. पाठीला हवेच्या टाक्या बांधून सहा पाहुणे पाण्यात उतरले. थोड्या वेळानं जाळीची दोरी सैल लागली, म्हणून दोर्तेआनं ओढून पाहिली. जाळी वर आली ती कापलेली. आत एक काकडी नाही.

शेजारीच एक लालबुंद माणूस पाण्यातून वर आला आणि आनंदानं काहीतरी बोलला. बोटीवरचा वाटाड्या ओबेत, म्हणजे दोर्तेआच्या बहिणीचा मुलगा, खाली बघू लागला.

"काय म्हणतोय रे तो?"

"राहू दे, मावशी."

"ओबेत!"

"म्हणतोय, बिचाऱ्यांना सोडवलं. पाण्यातल्या कड्याखाली खोल नेऊन. गावानं समुद्र लुटू नये, म्हणतोय."

"लुटू नये? परक्या होड्या रात्रंदिवस कुणी हाकलल्या? ह्याच्या चड्डीला भिऊन पळाल्या का त्या? इथं मासे दिसतात म्हणून येतो ना हा? ते राखले कुणी?"

"मी टाकी लावून जातो. निम्म्या तरी आणतो."

"टाकीनं काढलेलं म्हणजे चोरीच. भाच्यासाठी नियम वाकवला, तर पुरुष वर्षभर चघळतील."

रिसॉर्टचा मॅनेजर घाईघाईनं होडीतून आला. "पाहुण्यांचा हेतू चांगला होता हो. नवी जाळी देतो."

"दे. आणि दोन वर्षं? तीही आहेत का तुझ्या कोठीत?"

सूर्य टेकला तेव्हा चर्च भरलं होतं. पाद्रीबाबा पुन्हा बंद करायच्या जिनसा वाचू लागले: समुद्रकाकडी, शिंपले, शेवंड...

"आणि बघणं," दोर्तेआ उभी राहून म्हणाली.

पुरुषांच्या बाकांवर हसू पसरलं. "बघणं कधी सासीत असतं का गं?"

"बघणारे नुसते बघत होते, तोवर नव्हतं. आता सुरी घेऊन बघतात."

"आमची पोरं आहेत रिसॉर्टात कामाला!"

"मग दाखवू देत पलीकडचा किनारा. तिथले मासे काय तोंड लपवून बसलेत?"

पाद्रीबाबांनी ओबेतकडे पाहिलं. "उद्याची बोट तुझीच ना? वळवशील?"

नोकरी ओबेतची होती, मावशीही त्याचीच.

"वळवीन," तो म्हणाला. "कारणही मीच सांगीन त्या लाल माणसाला. पण मावशी, तुझ्या शिव्या वगळून."

"एक तरी ठेव," दोर्तेआ म्हणाली.

पाद्रीबाबांनी शेवंडीखाली 'बघणं' लिहिलं आणि प्रार्थना सुरू केली.