भर

दाराजवळच्या फळीवर मास्तरीणबाईंचा साचा नव्हता.

दवाखान्याचा पाठीमागून उघडा झगा मुठीत धरून अक्का किरणांच्या मशीनच्या खोलीकडे निघाल्या होत्या. फळ्यांवर ओळीनं सगळ्या पेशंटचे साचे ठेवलेले असत. साचा म्हणजे बारीक मण्यांनी भरलेली मोठी निळी पिशवी. पहिल्या दिवशी तिच्यावर निजवून आतली हवा ओढून घेतली, की पिशवी दगडासारखी कडक होते आणि कमरेचा, मांड्यांचा ठसा तिच्यात राहतो. मग रोज त्याच ठशात निजायचं, म्हणजे अंग तसूभरही सरकत नाही.

अक्कांच्या साच्याला लागूनच मास्तरीणबाईंचा असायचा. आजारही दोघींचा एकच, गर्भाशयाचा. मास्तरीणबाईंनी चारच दिवसांपूर्वी बाकावर बसल्या बसल्या सांगितलं होतं, की त्यांचा साचा सैल पडलाय, कडेनं हात आत जातो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत बोलावलं होतं.

"त्यांना घरी पाठवलं," मशीनवर काम करणारी मुलगी म्हणाली, आणि लगेच दुसरीकडे बघायला लागली.

अक्का आपल्या साच्यात आडव्या झाल्या. मुलगी भिंतीआड गेल्यावर त्यांनी हळूच कडेनं हात सरकवला. बोटं आरामात आत गेली. ती परत यायच्या आत त्यांनी हात काढून घेतला.

अक्का खोळी शिवत. सोफ्यांच्या, खुर्च्यांच्या, गाद्यांच्या. त्यांच्या हातची खोळ म्हणजे सुरकुती शोधून दाखवा, असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि पुन्हा भावात घासाघीस करायचीच. ऑपरेशन झालं तेव्हाही शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी पहिल्यांदा एका दिवाणाची चौकशी केली होती. पण ऑपरेशननंतर वर्षभरानं आजार पुन्हा उगवला, खाली, आतड्याला चिकटून. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी प्रोटॉनचे किरण सुचवले. साधे किरण अंगातून आरपार जातात, हे ठरवलेल्या खोलीवर जाऊन थांबतात, पलीकडचं आतडं वाचतं, असं त्यांनी समजावलं. टाका अस्तरापर्यंत गेला पाहिजे, पलीकडे नाही, असंच ना, असं अक्कांनी विचारलं आणि दोघी हसल्या होत्या.

साचा सैल झाला की घरी पाठवतात, एवढंच आता अक्कांच्या डोक्यात बसलं. आणि सैल पडलेल्या खोळीचं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आत भर घालायची.

त्या संध्याकाळी घरी त्या शिलाईच्या मशीनवर बसल्या. नवरा समोर वर्तमानपत्र धरून बसला होता, पण पान काही उलटत नव्हता. जेवताना अक्कांनी अर्धं ताट बाजूला सारलं होतं, ते त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"ही कुणाची गादी?" त्यानं विचारलं.

"गिऱ्हाइकाची."

"एवढीशी?"

"लहान खुर्ची आहे हो त्यांची."

त्यानं वर्तमानपत्र पुन्हा वर धरलं. कापसाच्या दोन चपट्या पट्ट्या, मऊ कापडात शिवलेल्या, कंबरेला नाडीनं बांधायच्या. झग्याखाली कुणाच्या बापाला कळल्या नसत्या. दवाखान्यात आठवड्याला वजन करत, त्या दिवसासाठी पडद्याच्या काठात घालतात ती शिशाची वजनं त्यांनी आपल्या कोटाच्या अस्तरात शिवली. काम झाल्यावर त्यांना बरंसुद्धा वाटलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी आपल्या हातात आहे, असं वाटलं होतं.

साचा पुन्हा घट्ट बसू लागला. मुलगी रोज एक्सरे बघून "छान हं, मावशी" म्हणायची. यंत्राचा अजस्र हात अक्कांभोवती फिरून थांबायचा, काहीतरी गुणगुणायचा. काही दुखत नसे, काही कळत नसे, आणि त्याचीच अक्कांना जास्त धास्ती वाटे. फळीवरची मास्तरीणबाईंची जागा अजून कुणाला दिली नव्हती. येता-जाता तिच्याकडे बघायचं नाही असं अक्का ठरवत आणि बघत.

दिवसेंदिवस भर वाढवावी लागत होती.

एका सकाळी मुलगी त्यांचा झगा सारखा करायला वाकली आणि तिच्या हाताला नाडी लागली. तिनं ती ओढली. ती रागावली नाही. तिचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. मशीन न लावताच तिनं अक्कांना उठवलं.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर त्या दोन पट्ट्या ठेवल्या होत्या. नवऱ्यालाही बोलावून घेतलं होतं.

"कापूस एक्सरेत दिसत नाही, अक्का," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हाडं जागच्या जागी दिसत होती, म्हणून आम्ही चालू ठेवलं. पण तुमच्या अंगावर पूर्वीइतकंच मांस आहे, असं धरून ते किरण सोडलेत. मांस कमी झालं, की ते पुढे जाऊन थांबतात."

"पुढे म्हणजे?"

डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या बाजूला सारल्या. "आतड्यात."

साचा सैल झाला म्हणून मास्तरीणबाईंना घालवलंत, मलाही घालवलं असतं, असं अक्का कशाबशा म्हणाल्या. साच्यासाठी इथून कुणालाच घालवत नाहीत, असं उत्तर आलं. साचा नवा करतात, हिशेब नव्यानं मांडतात, आठवड्याभरात पुन्हा सुरू करतात. फक्त सांगायला हवं होतं.

मग मास्तरीणबाईंना का घरी पाठवलं, हे अक्कांनी विचारलं नाही. आता किरण देऊन उपयोग नव्हता म्हणून, हे त्यांना समजलं होतं, आणि ते साच्यापेक्षा वाईट होतं.

"आणि मांस का झडतंय, तेही बघावं लागेल," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "उद्याच."

नवऱ्यानं टेबलावरची एक पट्टी उचलली, तिच्यावरून अंगठा फिरवला.

"लहान खुर्ची," तो म्हणाला. एवढंच. मग पट्टी घडी करून त्यानं खिशात ठेवली.

नव्या साच्यासाठी मुलीनं जुनीच पिशवी आणली. तिनं झडप उघडली. सूं आवाज करत हवा आत शिरली आणि निळ्या पिशवीतला ठसा हळूहळू पसरत गेला. आधी कडा ढासळल्या, मग मांड्यांचे खळगे, मग कंबर. चांगली भरल्या अंगाची बाई होती ती. ती पूर्ण बुजेपर्यंत अक्का बघत उभ्या राहिल्या.

"निजा, मावशी."

अक्का निजल्या. मणी सरसरत त्यांच्या भोवती जमले आणि पंप सुरू झाला. हवा ओढली जाताना पिशवी सगळीकडून आवळत आली.

"कुठं सैल वाटतंय का?" मुलीनं विचारलं. "खरं सांगा हं, आता."

अक्कांनी कडेला बोट घालून पाहिलं. ते आत गेलं नाही.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "आजच्यापुरतं माप बरोबर आहे."