नाव तीनदा पुकारलं

माझा घात थोरल्यांनी केला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचून कुणी परिस्थितीला दोष देत बसायला नको. वयाला मान द्यावा म्हणतात. ज्यांना द्यायचा त्यांनी द्यावा. मी एका कायद्याचा मसुदा बोलतोय. दीड पान, पाच कलमं, एवढाच माझा जीव. कायदा होण्याआधीच माझी शाळा सुटली, त्यामुळे गोड बोलायचं माझं शिकायचं राहिलं.

माझा जन्म कोर्टाबाहेरच्या एका टायपिंगच्या दुकानात झाला. तिथे एक बाई दिवसभर लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करायच्या. त्यांचा मोठा भाऊ वीज कंपनीत लाइनमन होता. एका दुपारी तो एकटाच कामाला गेला, रस्त्याकडेच्या डीपीच्या पेटीतला खटका पाडून लाइन बंद केली आणि खांबावर चढला. समोरच्या छापखान्यातली यंत्रं थांबली. तिथला एक माणूस वैतागून बाहेर आला, त्याला खटका पडलेला दिसला आणि त्यानं तो वर केला. त्यानं मुद्दाम केलं नाही. "अहो, वर माणूस आहे" असं सांगायला खाली कुणीच नव्हतं.

बाईंनी मला टाइप केलं ते दिवसकार्य उरकल्यावर, दुकान उघडून पहिल्याच दिवशी. माझी चार कलमं नेहमीचीच, कुठल्याही कायद्यात असतात तशी. खरा मी दुसऱ्या कलमात होतो: खांबावर चढणारा एकटा नसावा, तो खाली उतरेपर्यंत दुसरा माणूस खटक्यापाशी उभा असावा. बस्स. एवढं समजायला कुठलीही समिती लागत नाही.

बाईंचा धाकटा भाऊही त्याच कंपनीत, त्याच कामावर. मला टाइप करताना त्या मध्येच थांबून त्याला फोन करायच्या. तो म्हणायचा, "ताई, चढायच्या आधी फोन कर नाहीतर उतरल्यावर कर. मधे नको." त्याला वाटायचं आपण गंमत करतोय. बाई फोन ठेवून पुन्हा टाइप करायला लागायच्या.

मला घेऊन त्या मास्तरांकडे गेल्या. मास्तर म्हणजे त्यांच्या भागाचे आमदार. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून पहिल्यांदाच निवडून आलेले, विरोधी पक्षाचे. मास्तरांनी मला दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बाई, यातला एक शब्द बदलायची गरज नाही." माणूस भला होता. भला माणूस किती नुकसान करू शकतो ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

मास्तरांचा पक्ष म्हणजे भरलेल्या सभागृहात अकरा डोकी. अधिवेशनाआधी त्यांची बैठक झाली. या अधिवेशनात आपण काय काय लावून धरायचं, त्याची यादी करायची होती. अध्यक्षस्थानी थोरले, पक्षाचे गटनेते. वय ब्याऐंशी, आवाज अजून मैदानातल्या सभेचा. पहिला विषय त्यांनी सांगितला: नव्या पुलाला त्यांच्या वडिलांचं नाव. दुसरा: विरोधी पक्षनेत्याचं पद. संख्या अपुरी म्हणून ते त्यांना मिळालं नव्हतं आणि पदाबरोबर मिळणारी खोलीही नव्हती. तिसऱ्या विषयात पुन्हा खोलीच, तिच्याबाहेरच्या पाटीसकट. बाकीचे माना डोलवत होते. अकरा जणांत वीस गुडघे दुखणारे, पण मान डोलवायला कुणाला त्रास नव्हता.

मास्तरांनी भीत भीत मला पुढे सरकवलं. थोरल्यांनी चष्मा न लावता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घ्या, घ्या. वेळ मिळाल्यास घ्या." त्यांचे जावई पक्षाचे प्रतोद होते. कुणी कधी बसायचं, कधी उठायचं ते सांगायचं काम त्यांचं. त्यांनी यादीत सहाव्या क्रमांकावर मला लिहिलं आणि पुढे खरंच कंसात 'वेळ मिळाल्यास' असं टाकलं.

तरी माझं नशीब एकदा फळफळलं. आमदारांनी स्वतः मांडलेल्या विधेयकांना शुक्रवारी शेवटचे दोन तास मिळतात, आणि कुणाचं आधी घ्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. शेवटच्या शुक्रवारची पहिली चिठ्ठी माझी निघाली. मास्तर धावत टायपिंगच्या दुकानात गेले. एवढे धावले की दहा मिनिटं त्यांना बोलताच येईना, आणि बाईंना वाटलं धाकट्याचं काही झालं. खरं कळल्यावर त्या हसल्या. मी जन्मल्यापासून त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होतो.

त्या शुक्रवारी बाई प्रेक्षकांच्या गॅलरीत येऊन बसल्या. धाकट्याला सुट्टी मिळाली नव्हती. मी मास्तरांच्या हातात होतो. माझ्या आधी फक्त एक किरकोळ विषय उरला होता. तेवढ्यात थोरले पुलावर बोलायला उभे राहिले. अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं, हा विषय आज नाही."

थोरल्यांना बसायला सांगितल्याचा राग नव्हता. राग आला तो 'सदस्य' म्हटल्याचा. ते म्हणाले, विरोधी पक्षनेत्याला विरोधी पक्षनेता म्हणत नसाल तर आम्ही या सभागृहात थांबत नाही. फाइल बगलेत मारली आणि निघाले. मागून त्यांची माणसं निघाली. या लोकांना सभात्यागाची अशी सवय झालेली की कुणी जोरात खुर्ची सरकवली तरी हे निम्मे उठायचे.

मास्तर उठले नाहीत. मला वाटलं, वाचलो.

जावई वाकून त्यांच्या कानाशी आले. "मास्तर, उठा."

"पुढचं माझं विधेयक आहे हो."

"मला माहितीये. पाच मिनिटांचं काम आहे. दारात कॅमेरे आहेत. दहाच माणसं बाहेर आली तर उद्या पेपरात येईल की पक्ष फुटला." आणि मग हळूच, "पुढच्या वेळेला तिकीट कोण देणार आहे तुम्हाला?"

मास्तरांनी मला टेबलावर ठेवलं, जागा धरायला पिशवी ठेवतात तसं. माझ्यावर हात फिरवला. वर गॅलरीकडे न बघता ते गेले.

बाहेर पायऱ्यांवर थोरले बोलायला उभे राहिले. पाच मिनिटांचे बावीस झाले. त्यात त्यांनी आपल्या वडिलांच्या आठवणी सांगितल्या, लोकशाही सांगितली, स्वतःच्या तुरुंगवासाचे दिवस सांगितले. मास्तर त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभे होते. पुढे मी तो फोटो पाहिला. सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे आहेत, एकट्या मास्तरांचं दाराकडे.

आत माझा क्रमांक आला. अध्यक्षांनी मास्तरांचं नाव पुकारलं. नियम असा की मांडणारा हजर पाहिजे, आणि नाव तीनदाच पुकारायचं. मी तिथेच होतो, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, टेबलावर. पण कागदाला हजेरी लावता येत नाही.

दुसऱ्यांदा नाव पुकारल्यावर गॅलरीत बाई उभ्या राहिल्या. तिथल्या माणसानं त्यांना खाली बसायची खूण केली. त्या म्हणाल्या, "ते बाहेरच आहेत. मी बोलावून आणते, एक मिनिट थांबा." प्रेक्षकांनी बोलायचं नसतं. त्या माणसानं त्यांचा दंड धरून त्यांना दाराबाहेर नेलं. बंद होणाऱ्या दाराच्या फटीत मला त्यांची चप्पल दिसली, एकच. दुसरी आत राहिली होती.

तिसऱ्यांदा नाव पुकारलं गेलं. मग अध्यक्ष म्हणाले, सदस्य अनुपस्थित, पुढचा विषय घ्यावा. असा एकदा गळलेला मसुदा वर्षभर पुन्हा मांडता येत नाही.

मास्तर धापा टाकत परत आले तेव्हा सभागृहात उसाच्या मळीवर बोलणं चाललं होतं. त्यांनी मला उचललं आणि व्हरांड्यात बाईंसमोर जाऊन उभे राहिले. हा माणूस तीस वर्षं पोरांना जागेवर बसा म्हणून ओरडत आला होता.

बाई म्हणाल्या, "तुम्ही बसून राहिला असतात तर काय झालं असतं?"

"पक्षातून काढलं असतं, बाई."

"एवढंच?"

बाईंनी पायातली उरलेली चप्पल काढून हातात घेतली आणि त्या अनवाणी जिना उतरल्या.

अधिवेशन संपल्यावर पक्षानं पत्रक काढलं: यशस्वी अधिवेशन, सात सभात्याग. थोरल्यांना पद नाही, पण खोली मिळाली. पाटीही लागली. मास्तरांना पुढचं तिकीट मिळणार असं जावई सांगत फिरतात.

मी आता विधिमंडळाच्या दप्तरात, लोखंडी कपाटात आहे. माझ्यावर शिक्का आहे: अनुपस्थितीमुळे निकाली. माझ्याच फाइलमध्ये, माझ्या खाली, आणखी एक कागद आहे. त्या शुक्रवारी मंत्र्यांनी वाचून दाखवायचं उत्तर. दोन ओळींचं. 'कामगारांच्या सुरक्षेचा विचार करता सरकार या विधेयकाशी सहमत आहे. ते मंजूर करावे.' मास्तरांनी फक्त उभं राहून माझं नाव घ्यायचं होतं. मी रोज त्या कागदावर झोपतो, आणि मला झोप लागत नाही.

तुम्ही तरुण असाल तर एक मागणं आहे. एखादा थोरला तुमच्यासमोरून तावातावानं निघाला तर त्याला जाऊ द्या. तुम्ही बसून राहा.

गेल्या आठवड्यात कपाट उघडलं. माझी नक्कल मागायला बाई आल्या होत्या, वर्ष भरायला पाच महिने उरले होते तरी. बरोबर धाकटा होता. कारकुनानं बाईंना विचारलं, आता काय झालं, नक्कल कशाला हवी? बाई म्हणाल्या, "पुन्हा तेच झालं. या वेळी खटका एका दुकानदारानं वर केला." अर्जदाराच्या जागी धाकट्याचं नाव होतं, म्हणून कारकुनानं वही त्याच्यापुढे सरकवली. त्यानं पेन डाव्या हातात धरला, खूप वेळ घेतला, आणि अक्षर वेडंवाकडं आलं तेव्हा कारकून म्हणाला की सही वाचता येईल अशी नीट करा. धाकटा म्हणाला, "शिकतोय अजून."

त्याचा उजवा हात कोपराखाली नाही.