धूर कोणाच्या बाजूनं

भगवानरावांनी जुन्या पिकअपच्या स्प्रिंगचे पाटे काढून गाडी वीतभर खाली बसवली, तेव्हा जानेफळात त्यांचं हसं झालं. गाडी त्यांच्या वडिलांची, माझ्यापेक्षा वयानं मोठी. आधी कशी ऐटीत उभी राहायची, आता अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीसारखी दिसत होती. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला पोरांचे शौक लागले. खरं कारण मला माहीत होतं, कारण ती कापाकापी माझ्याच वेल्डिंगच्या दुकानात झाली.

कारण होतं त्यांच्या बायकोचे, आशाबाईंचे गुडघे. एसटीची पायरी त्यांना चढवत नव्हती, पिकअपचीही नाही. माहेर लोणारला, पण कित्येक दिवसांत तिकडे जाणं झालं नव्हतं. आता भाऊ जानराव यांच्या नातवाचं बारसं आलं. जानरावांकडे नवी कार आहे आणि ती आहे हे ते कुणाला विसरू देत नाहीत. त्यांचा फोन आला, "दाजी, तायले न्यायले कार धाडतो. तुमच्या डबड्यात ते कशी चढंन?"

झालं. भगवानरावांनी पानटपरीवर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माही बायको माह्याच गाडीत जाईन, नाई तं मी बारशाले पाय ठेवत नाई."

गाडी खाली आणणं सोपं होतं. घोळ घातला सायलेन्सरनं. गाडी खाली आली म्हणून तो काही शहाण्यासारखा आपोआप वर सरकत नाही.

पहिल्यांदा मी पाइप नेहमीसारखा खालूनच मागं नेला. आमच्याकडे गतिरोधक बांधायला सरकारची वाट कुणी बघत नाही, ज्याची कोंबडी चेंगरते तो बांधतो. त्यातल्या पहिल्याच उंचवट्यावर सायलेन्सर राहिला आणि भगवानराव पुढं गेले. त्या आवाजानं गावातली सगळी कुत्री त्यांच्या मागं लागली.

दुसऱ्यांदा पाइप मागच्या चाकांच्या धुऱ्यावरून घेतला. गाडी रिकामी होती तोवर ठीक. मागं सोयाबीनची पोती टाकली आणि धुरा वर येऊन पाइपाला धडका मारायला लागला. आत कोणाला कोंडलंय की काय, असं रस्त्यातले लोक विचारत होते.

तिसऱ्यांदा मी डोकं चालवलं. पाइप मागं न्यायचाच नाही, डाव्या दाराखालून बाहेर काढायचा. ना घासला, ना धडकला. मी खूश, भगवानराव माझ्यापेक्षा खूश. त्यांनी आशाबाईंना अंगणात बोलावलं. बाईंनी पायरीवर पाय ठेवला, अगदी सहज ठेवला. तेवढ्यात या गृहस्थांनी कौतुकानं अ‍ॅक्सिलेटर दाबला. काळा लोट बाईंच्या नव्या लुगड्यात शिरला आणि थेट तोंडापर्यंत गेला.

आशाबाईंनी पाय खाली घेतला. "मले जानरावची कारच बरी," एवढंच म्हणाल्या आणि घरात गेल्या.

संध्याकाळी भगवानराव माझ्या दुकानात जुन्या टायरवर येऊन बसले. एरवी तासभर शिव्या घालणारा माणूस नखानं टायर कोरत बसला, ते मला बघवेना.

"काऊन बे हरिओम," शेवटी म्हणाले, "इतक्या वर्षांत ते मले कदी उलटून बोलली नाई. माही माय केवढी खाष्ट होती, तिच्या हाताखाली राह्यली. कदीमदी चुलीपाशी डोये वले दिसत. इचारलं तं म्हणे, धुरानं आलं. आज म्या खरंच धूर घातला तिच्या डोयात."

मी ग्राइंडर पुसत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाबाई स्वतः आल्या, गुडघे धरत, थांबत थांबत.

"काकू, तुमी कायले आल्या चालत? मले बलावलं असतं."

"हरिओम, टॅक्टरचा धूर कुठून जाते?"

"वरून."

"मंग हे खाली काय वळवळ लावली तुमी दोघायनं?"

"वर पाइप काढला तं गाडीची शोभा जाईन ना काकू."

"आता कोठं आहे शोभा?"

माझी चांगलीच जिरली. तरी कारागिराचा तोरा सुटत नाही. मी म्हटलं, "ठीक आहे. इंजिनाचा पाइप डाव्या अंगालेच निघते, तिथूनच सरळ वर घेतो."

"डाव्या अंगाले कोण बसते?"

"तुमी."

"मंग उजव्या अंगाले ने."

"काकू, त्याले लय फिरवा लागते!"

"फिरव. घरात गॅस आला, तरी यायले भाकर चुलीवरचीच लागते. म्या लय खाल्ला धूर. थोडा यायले बी भेटू दे."

मग मी फिरवला. केबिन आणि मागच्या हौद्यामधल्या फटीतून पाइप वर घेतला, मागच्या काचेखालून आडवा उजवीकडे नेला आणि ड्रायव्हरच्या दाराच्या मागं टपापर्यंत उभा केला. हात भाजू नये म्हणून जाळी लावली. गाडी आता चूल पेटलेल्या बसक्या घरासारखी दिसत होती, पण एकाही उंचवट्याला शिवत नव्हती.

बारशाच्या सकाळी मी मुद्दाम त्यांच्या अंगणात गेलो. आशाबाई आल्या, कुणाचा हात न धरता चढल्या आणि मांडीवर बाळंतविड्याची पिशवी घेऊन बसल्या. जानरावांना फोन करून कार पाठवू नको म्हणून सांगितलं, तेही भगवानरावांसमोर आणि मोठ्यानं.

भगवानरावांनी गाडी चालू केली. थंड इंजिनाचा पहिला धूर वर गेला, वाऱ्यानं वळला आणि त्यांच्याच खिडकीतून आत आला. ते खोकले. मग स्टेअरिंग धरून नुसतेच बसले. डोळे भरून आले होते, आणि तेवढ्या धुरानं इतकं पाणी येत नाही, हे माझ्यासारख्या वेल्डरलाही कळत होतं.

आशाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "काय झालं?"

"काई नाई," भगवानराव म्हणाले. "धुरानं आलं."

आशाबाईंनी पदराचं टोक त्यांच्या हातात दिलं.

"पुसा," त्या म्हणाल्या. "मी बी इतकी वर्षं तेच सांगत आली."