खिडकीकडच्या चार ओळी

“दोघांसाठी का?” दारातल्या मुलीने विचारलं.

“एकटाच आहे,” मिस्त्री म्हणाले. बोलताना ते तिच्याकडे नाही, तिच्या पायांखाली बघत होते.

मुलीनेही नकळत खाली पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. राखाडी दगडी फरशी तेवढी होती, लांबच लांब, सांध्याला सांधा लागलेली. ती त्यांना मधल्या टेबलाकडे नेऊ लागली, तसे मिस्त्री थांबले.

“तिकडे खिडकीपाशी बसलो तर चालेल का?”

“चालेल की. आज गर्दी नाही.”

बुधवारची दुपार होती, एक वाजून गेला होता. पाचसहा टेबलांवर माणसं होती, पण आवाज असा नव्हताच. मोठ्या लोकांच्या जागेत भांडीसुद्धा दबकून वाजतात. पलीकडे काचेआडच्या स्वयंपाकघरात एक आचारी कणकेचा जाड दोर दोन्ही हातांनी ताणत होता, दुमडत होता, पुन्हा ताणत होता. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. बघता बघता त्याच्या हातात सुताची लडच लोंबायला लागली.

सकाळी बायकोने विचारलं होतं, “इस्त्रीचा शर्ट घालून कुठे निघालात?”

“काम बघायला.”

“काम बघायला इस्त्रीचा शर्ट?”

त्यावर ते चपला घालून निघाले होते. कशाला निघालोय हे त्यांचं त्यांनाच नीट सांगता आलं नसतं.

वर्षापूर्वी ही जागा म्हणजे नुसत्या चार भिंती आणि धूळ होती, तेव्हा दोन महिने मिस्त्री आणि त्यांचा धाकटा भाऊ इथे गुडघ्यांवर होते. भाऊ पंचेचाळिशीला आला तरी मिस्त्री त्याला बारक्याच म्हणायचे. एकतीस वर्षं दोघांनी एकत्र फरशी बसवली. बाप लवकर गेला, बारक्या शाळेत रमला नाही, म्हणून मिस्त्रींनी त्याला हाताशी घेतलं आणि पहिल्याच दिवशी कामाची वाटणी करून टाकली. “तू काप, मी बसवतो.” बसवणं म्हणजे कसब, कापणं म्हणजे धूळ. पण तेव्हा हा विचार कुणी केला? बारक्या कापत राहिला. तोंडाला ओला रुमाल बांधायचा आणि संध्याकाळी तो रुमाल पिळला की पाणी राखाडी निघायचं.

या जागेची मालकीणबाई फार चोखंदळ. एकेक फरशी हात फिरवून बघायची. काम संपत आलं होतं. शेवटच्या चार ओळी खिडकीकडच्या राहिल्या होत्या, त्या मिस्त्रींनी एका दिवसात बसवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतात तर त्या चार ओळींचे सांधे ओले. बाकी सगळे वाळून पांढुरके पडलेले, आणि हे काळेभोर. मिस्त्री खाली बसले. सांध्यावरून बोट फिरवलं. मग उठून बारक्याकडे बघितलं. तो कोपऱ्यात पाठ करून हत्यारं धूत होता.

“कोणी उखडल्या ह्या?”

बारक्या वळला नाही. “मीच. पहाटे आलो होतो.”

“का?”

“दादा, दोन सूत उतार होता. खिडकीतून पाणी आलं असतं तर सगळं तिथंच साचलं असतं. तुझं नाव खराब झालं असतं.”

“मला उतार दिसला नाही?”

बारक्या पुन्हा हत्यारं धुवायला लागला. त्याचा अर्थ मिस्त्रींना कळला आणि तोच त्यांना जास्त झोंबला. वर्षभर त्यांना लेव्हलच्या नळीतला बुडबुडा अंधूक दिसत होता, आणि हे आपण सोडून कुणाला ठाऊक नाही अशी त्यांची समजूत होती.

“माझं बोट धरून शिकलास आणि मलाच शिकवतोस?” ते म्हणाले. सुतार ऐकत होता, रंगारी ऐकत होता, मालकीणबाई दारात उभी होती. “आजपासून तुझं तू, माझं मी.”

थापी पिशवीत टाकली आणि ते निघाले. बारक्या मागून दोनदा “दादा” म्हणाला. ते थांबले नाहीत.

रागाचं काय, तो दोन दिवसांत ओसरला. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. बारक्याचा फोन आला की मिस्त्री बायकोकडे द्यायचे. असे आठ महिने गेले. मग एकदा बारक्याच्या बायकोचा फोन आला.

“भाऊजी, मालकीणबाईंनी तुम्हा दोघांना जेवायला बोलावलंय. हॉटेल चालू झालं तेव्हाच म्हणाल्या होत्या. हे म्हणतात, बुधवारी एक वाजता दादाला तिकडेच ये म्हणावं.”

“मला वेळ नाही.”

“काम आहे का?”

“आहे.”

काम काही नव्हतं. त्या बुधवारी मिस्त्री घरातल्या कपाटाचं दार काढून त्याच्या बिजागऱ्यांना तेल घालत बसले होते. घड्याळात एक वाजला, दीड वाजला, त्यांनी पाहिलं. बायकोनेही पाहिलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बारक्याला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो उजेडात धरून दाखवला. फुप्फुसं कसली, सिमेंटच्या गोणीसारखी झाली होती. मिस्त्री आठ दिवस सकाळ-संध्याकाळ उशाशी बसून राहिले. बारक्याच्या तोंडात नळी होती. तो नुसता बघायचा. मिस्त्रींच्या मनात बोलायला पुष्कळ होतं, पण ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याशी काय बोलायचं? उद्या नळी काढली की बोलू, असं ते रोज ठरवायचे. नळी काढली ती नवव्या दिवशी, आणि तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“काका, काय आणू?”

वाढणारी बाई वही घेऊन उभी होती. पस्तीसेक वर्षांची, करडा एप्रन, केस घट्ट बांधलेले. मिस्त्रींनी पुढ्यातला गुळगुळीत कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

“ताई, ह्यातलं मला काही कळत नाही. तो तिकडे ताणतोय ना, तेच द्या.”

ती हसली. “रस्सा तिखट की साधा?”

“साधा.”

वाडगा आला तो घमेल्याएवढा. मिस्त्री त्यात बघतच राहिले. वर वाफ, खाली नितळ रस्सा, त्यात पांढरे लांब धागे. सोबत खायला दोन काड्या होत्या. त्यांनी त्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून सारख्या आहेत ना ते पाहिलं, मग हातात धरल्या. जन्मभर ज्या बोटांनी सुताच्या फरकाने दगड सरकवला, त्या बोटांत दोन काड्या राहीनात. एक काडी निसटून खाली गेली.

ती उचलायला ते वाकले आणि तसेच राहिले. उजवा डोळा मिटून ते सांध्याच्या रेषेवरून नजर नेत होते, खिडकीपासून भिंतीपर्यंत. डोळे अधू झाले होते, तरी रेष कुठे वाकलेली नाही एवढं कळत होतं. मग त्यांनी तळहात फरशीवर टेकवला. एका फरशीवरून दुसरीवर सरकवला. हाताला कुठे काही लागलं नाही.

“काका, राहू द्या, दुसऱ्या काड्या आणते,” ती बाई म्हणाली. चमचाही घेऊन आली. ठेवता ठेवता म्हणाली, “मागे एक जण आले होते, तेही असेच वाकून बघत होते.”

मिस्त्री सरळ झाले. “कधी?”

“झाले असतील चारेक महिने. ह्याच टेबलावर होते. आमच्या बाईंनी दोघांसाठी ठेवायला सांगितलं होतं. भाऊ यायचाय म्हणाले.”

“मग?”

“मग काय, दीड वाजला, दोन वाजले. मी दोनदा विचारलं, जेवण आणू का? तर म्हणाले, दादा आल्याशिवाय नको. तीनला आमचं स्वयंपाकघर बंद होतं. तेव्हा उठले.”

“जेवला नाही?”

“नाही. पाणी प्यायले नुसतं. खोकत होते फार.” “मलाच कसंतरी झालं. मी म्हटलं, फोन तरी करा. तर म्हणाले, नाही, त्याला काम लागलं असेल. कामात असला की त्याला दुसरं काही सुचत नाही.”

मिस्त्रींनी चमचा उचलला आणि पुन्हा ठेवला.

“बोलायला फार गोड होते,” ती म्हणाली. “मी सहज म्हटलं, फरशी काय सुंदर आहे हो आमची. तर म्हणाले, माझ्या भावाने बसवलीय. ह्या खिडकीकडच्या चार ओळी मला मुद्दाम दाखवल्या. म्हणाले, ह्या खास दादाच्या हातच्या, असं काम आता कोणी करत नाही.” मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. तिने मिस्त्रींच्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या पेरांत सिमेंट कायमचं बसलेलं होतं. “ते तुम्हीच का, काका?”

खोटं बोलायला काही अडचण नव्हती. बारक्या स्वतःच तसं सांगून गेला होता. ऐकणारीला खरं-खोटं काय ठाऊक?

“मी त्याचा भाऊ,” मिस्त्री म्हणाले. “पण ह्या चार ओळी माझ्या नाहीत. मी चुकवल्या होत्या. त्याने पहाटे येऊन उखडल्या आणि पुन्हा बसवल्या. ह्या त्याच्या आहेत.”

“असं होय. मग एकदा घेऊन या ना त्यांना. तेव्हा उपाशीच गेले.”

“तो गेला, ताई.”

हे शब्द मिस्त्रींनी पहिल्यांदाच उच्चारले होते. घरी, नात्यात, दवाखान्यात सगळ्यांना आधीच माहीत होतं, त्यांना कुणाला सांगावं लागलंच नव्हतं. ती बाई वही छातीशी धरून उभी राहिली. मग म्हणाली, “गार झालं असेल. गरम करून आणू?”

“नको. असू दे.”

ती गेल्यावर त्यांनी जेवायला सुरुवात केली. घास तोंडात फिरत होता, पण त्यांनी थांबायचं नाही असं ठरवलं होतं. चमच्याने, मध्येच काड्यांनी, शेवटी दोन्ही हातांनी वाडगा तोंडाला लावून त्यांनी ते संपवलं. चव कशी होती असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आजूबाजूची टेबलं रिकामी होत गेली. काचेआडच्या आचाऱ्याने ओटा पुसायला घेतला.

बिल चुकतं करून ते उठले. खिडकीपासून दारापर्यंत सरळ वाट होती, दहा पावलांची, त्या चार ओळींवरूनच जाणारी. मिस्त्रींनी पाय उचलला आणि मागे घेतला. ताज्या फरशीवर एक दिवस पाय द्यायचा नसतो, हे त्यांनीच बारक्याला शिकवलं होतं. ही फरशी काही ताजी नव्हती. रोज शेकडो पाय तिच्यावरून जात होते.

तरी ते वळले आणि भिंतीला एक हात लावून कडेकडेने निघाले.

“इकडून या ना, काका,” दारातली मुलगी म्हणाली. “इकडून सरळ आहे.”

“मला इकडूनच बरं पडतं,” मिस्त्री म्हणाले आणि दुखरे गुडघे सावरत, लांबच्या वाटेने, सावकाश दारापाशी आले.