बोहनीचा ट्रॅक्टर

धानोऱ्याच्या पुखराजशेठने धनत्रयोदशीला शहाद्याहून ट्रॅक्टर आणला, तेव्हा सगळ्यांत आधी हसलो तो मी. तो ट्रॅक्टर बघून ज्याला हसू येणार नाही, त्याने डॉक्टरला दाखवावं. लाल, बुटका, जेमतेम माझ्या छातीला लागणारा. माझा चुलतभाऊ इंद्रसिंग त्याच्याभोवती एक फेरी मारून आला आणि गंभीर चेहऱ्याने विचारता झाला, "शेठ, बाकीना ट्रॅक्टर कव्हय येई?"

पुखराज हसला नाही. त्याने खांद्यावरच्या पंच्याने बॉनेट पुसलं आणि सांगितलं, "मन्हं वावर बी ल्हानंच शे."

ते खरं होतं. तीन एकर, माझ्या बांधाला लागून. पुखराजच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन धानोऱ्यात किराणा दुकान टाकलं. नातू आमच्यापेक्षा अस्सल अहिराणी बोलतो, पण गावाच्या लेखी तो शेठ तो शेठच. आजवर त्याने ते रान बटाईनेच दिलेलं. पारावर पिकापाण्याच्या गप्पा निघाल्या की तो मोठ्या हौसेने तोंड उघडायचा आणि कोणीतरी म्हणायचं, "शेठ, तुम्ही गोडेतेलाचं सांगा." हे वाक्य त्याला फार लागायचं. यंदा स्वतःच्या ट्रॅक्टरने स्वतःचं रान तयार करायचं, हरभरा पेरायचा आणि गावाकडून शेतकरी म्हणवून घ्यायचं, एवढ्यासाठी त्याचा हा सगळा खटाटोप होता.

त्याच्याकडे वेळही फार नव्हता. आमच्या त्या पट्ट्यात विहीर नाही. दसऱ्याच्या पावसाची ओल जमिनीत आहे तोवर हरभरा पडला तर पडला. ओल उडाली की रान थेट उन्हाळ्यापर्यंत रिकामं.

पण पुखराज पडला व्यापारी. मुहूर्ताशिवाय त्याचं पान हलत नाही. दिवाळीत बंद ठेवलेलं दुकान लाभपंचमीला उघडायचं, ही त्यांची रीत. त्या दिवशी तराजूची पूजा, वजनमापांची पूजा, गल्ल्याची पूजा. तोवर ट्रॅक्टर त्याने फक्त शाळेच्या मैदानावर गोल गोल फिरवला. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. मागे घेताना गर्दीत पोतं घेऊन चालल्यासारखा "बाजू, बाजू" ओरडायचा. मैदानात तेव्हा एक शेळी सोडून कोणी नसायचं.

लाभपंचमीला मी प्रसादाला गेलो. पेढा शेठ चांगला आणतो. बघतो तर तराजूच्या शेजारी, दुकानाच्या ओट्याला लावून, ट्रॅक्टर उभा. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, खाली शुभ-लाभ, स्टिअरिंगला गल्ल्याला घातला तसाच झेंडूचा हार. आरती एकच, ताट एकच. पेढा तोंडात असतानाच माझ्या डोक्यात किडा वळवळला.

व्यापाऱ्याची बोहनी तुम्हाला माहीत असेल. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे लक्ष्मी. तिला नाही म्हणायचं नाही, उधार द्यायचं नाही, ती देईल ते कपाळाला लावून घ्यायचं. आणि लाभपंचमीची बोहनी तर सालभराची.

मी खिशातून नाणं काढून तराजूत ठेवलं. "शेठ, बोहनी करा. ट्रॅक्टर जोयजे, मन्हा वावरमा."

"वीरसिंगबापू, तो इकाना नही," पुखराज म्हणाला. "दुकानना माल थोडाच शे तो?"

"मग दुकाननी पूजामा काब्र बसाडा?"

पूजेला बसवला म्हणजे दुकानाचा माल झालाच की. तो ट्रॅक्टरकडे बघत राहिला. मग तराजूकडे. आरतीचं ताट अजून त्याच्या हातातच होतं. माझी बैलजोडी धडधाकट होती, मला ट्रॅक्टरची काडीची गरज नव्हती. पण त्या माणसाचा चेहरा तेव्हा असा झाला होता, की माघार घेणं माझ्याच्याने झालं नाही. त्याने नाणं उचललं, कपाळाला लावलं आणि गल्ल्यात टाकलं.

दुसऱ्याच्या हातात तो ट्रॅक्टर देणार नव्हताच. स्वतःच चढला, माझ्या रानात आला आणि माझं सगळं रान मागे जोडलेल्या रोटाव्हेटरने भुसभुशीत करून दिलं. ट्रॅक्टरचं पहिलं तास माझ्या मातीत पडलं. बांधापलीकडे त्याचं स्वतःचं रान तसंच पडलेलं होतं. जाताना तो त्याच्याकडे वळून वळून बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी इंद्रसिंग ओट्यावर हजर. त्यानंतरच्या दिवशी त्याचा साडू. गावात बातमी पसरायला किती वेळ लागतो? पुखराजने दुकान उशिरा उघडून पाहिलं, लोक वाट बघत बसले. पहाटे उघडून पाहिलं, लोक त्याच्याही आधी आले. ट्रॅक्टर घरामागे लपवला, तर एकाने सरळ सांगितलं, "माल गोडाऊनमधून काढून द्या." पुखराजचा मोठा मुलगा महावीर दुकान सांभाळायचा. एका सकाळी त्याने बापासमोर नाणं ठेवून काडेपेटी मागितली. म्हणजे बोहनी होऊन जाईल आणि लोकांना नाही म्हणता येईल. शक्कल वाईट नव्हती. पण पुखराजनेच नाणं परत केलं. "घरना पैसा घरमा. ती बोहनी नही व्हस," तो म्हणाला. माणूस असा तत्त्वाला पक्का, म्हणून तर आमचं फावत होतं.

रानातली ओल रोज खाली चालली होती. त्याच्या रानातलं ढेकूळ मी एकदा फोडून पाहिलं, आता दोन-तीन दिवस, फार तर. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण माझ्या धाकट्या भावाचं एक एकर बाकी होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा ओट्यावर जाऊन बसलो. शेजारी इंद्रसिंग आधीच घोंगडी पांघरून बसलेला. आम्ही बिडी ओढत होतो तेवढ्यात शहाद्याची पहिली एसटी आली आणि तिच्यातून हुलासबाई उतरली. पुखराजची बायको. भाऊबीजेला माहेरी गेली होती, ती आज परतत होती. तिच्या तोंडाला गावातल्या बायकाही वचकून असतात. मला वाटलं, मागच्या दाराने घरात जाईल. पण महावीरने फोनवर सगळं सांगितलं असणार, ती पिशवी घेऊन सरळ आमच्यापुढे येऊन उभी राहिली.

"राम राम बापू. पयला नंबर कोन्हा?" तिने विचारलं.

"मन्हा," मी म्हणालो.

"मन्हा!" इंद्रसिंग म्हणाला. "हाऊ मन्हा नंतर उना, भाभी."

"मी रात्रीच सांगी ठेवं व्हतं!"

"कोन्हाले सांगं व्हतं? तुन्हा बैलसले?"

बैलांचा विषय निघाल्यावर मी ऐकून घेणाऱ्यातला नाही. मी उठलो. तोही घोंगडी टाकून उठला. मग त्याने माझ्या बापाच्या वेळचं एक प्रकरण काढलं आणि मी त्याच्या सासऱ्याचं काढलं. आमच्या पाठीमागे दुकानाचं शटर वर गेलं, ते कळलंही नाही. कळलं ते नाणं तराजूत टणकन वाजल्यावर.

"शेठ, बोहनी," हुलासबाई म्हणत होती. "ट्रॅक्टर जोयजे. मन्हा वावरमा."

पुखराजच्या डोळ्यांत आधी आशा दिसली, मग त्याचं तत्त्व आडवं आलं. "घरना पैसा..." त्याने सुरुवात केली.

"घरना नही. भाऊनी ओवायनी शे, माहेरना पैसा. आनि मी आजून घरमा पाय ठेवा नही." तिने पिशवी ओट्यावर आपटली. "वावर कोन्हा नावावर शे? मन्हा. मी गिऱ्हाईक शे. ट्रॅक्टर देवाना का नही, बोल!"

तेवढं खरं होतं. जमीन घेताना पुखराजने ती बायकोच्या नावावर घेतली होती, हे सगळ्या गावाला माहीत. मी आणि इंद्रसिंग एकमेकांची कॉलर धरून उभे होतो, ती आम्ही सोडली. पुखराजने नाणं उचलून कपाळाला लावलं. इतका वेळ लावून ठेवलं की मला वाटलं, चिकटलं.

मग तो ट्रॅक्टरवर चढला आणि सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाडून फेकून दिलं.

आम्ही दोघे मागोमाग रानात गेलो. कामं पडलेली होती, पण असं बघायचं कोण सोडतो? हुलासबाई बांधावर पिशवी टेकून बसली आणि गिऱ्हाइकाच्या हक्काने हुकूम सोडू लागली. "तिरपं चाली ऱ्हायनं! कोपरा राही गया! भाडं दिधं शे मी, फुकट नही!" पुखराज मान हलवायचा, वळवायचा आणि पुन्हा यायचा. पाठीवरचा सदरा घामाने भिजला होता, डोक्यापासून पायापर्यंत मातीच माती. तास मात्र आता सरळ पडत होतं. आमची रानं करून करून त्याचा हात बसला होता. ही गोष्ट मला तेव्हा अजिबात आवडली नाही.

शेवटचं तास माझ्या बांधाकडेचं. पुखराज आला तो बांधाला घासून. आणि मी डोळ्यांनी पाहिलं, रोटाव्हेटरने माझा बांध वीतभर खाल्ला.

"ए!" मी ओरडलो. "बांध कोरी ऱ्हायना का?"

"बांध मन्हा शे!" तो ट्रॅक्टरवरूनच ओरडला. "तूच कोरेल व्हता दर साल, बटाईवालाना डोळा चुकाडीसन!"

हे त्याला कसं कळलं, देव जाणे. मी ढेकूळ उचललं. तो खाली उडी मारून आला. जन्मात ज्याने गिऱ्हाइकापुढे आवाज चढवला नव्हता, तो माझ्या नाकासमोर बोट नाचवत होता आणि मी त्याला शेठबिठ न म्हणता "पुख्या, पुख्या" म्हणून त्याच्या सात पिढ्या काढत होतो. मी इंद्रसिंगला मध्ये बोलावलं. काही झालं तरी रक्ताचा भाऊ.

इंद्रसिंग जागचा हलला नाही. "मी मधमा नही पडाव," तो म्हणाला. "दोन शेतकरीसना बांधना झगडा शे."

पुखराजचं बोट हवेतच राहिलं. त्याने माझ्याकडे पाठ केली. "इंद्रसिंगबापू, काय म्हना? परत म्हना."

इंद्रसिंगने परत म्हटलं. पुखराजने बोट खाली घेतलं. मग व्यापाऱ्याच्या जातीला जागला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "वीतभर बांध परत लई घ्या. फक्त हाईच तुम्ही पारवर म्हना, सगळासना समोर."

सौदा चोख होता. मी हो म्हणणार, एवढ्यात बांधावरून आवाज आला.

"बांध देवाले तू कोन? वावर मन्हं शे! तू भाडाना ड्रायव्हर!"

पुखराजचा चेहरा पडला. आता देण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं, आणि मलाही काही मिळणार नव्हतं. तो गुपचूप ट्रॅक्टरकडे वळला. त्याच्या पाठीवर माझ्या बांधाची माती होती. राग माझा गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. पण त्या पाठीकडे बघवेना.

त्या रात्री पार भरलेला असताना मी उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं, "पुखराज शेतकरी शे. मन्हा बांध चोरस, असा पक्का शेतकरी शे." पुखराज कोपऱ्यात बसला होता. त्याने चोरीचा आळ नाकारला नाही. उठून आला, माझ्या शेजारी बसला आणि हरभऱ्याला मररोगाचं औषध कोणतं लावायचं, ते सगळ्यांना सांगू लागला. कोणीही त्याला मध्ये तोडलं नाही.