ओला बोंबील घाट चढतो

पापलेट दिल्लीला जाईल, कोळंबी विमानात बसेल, पण ओला बोंबील काही घाट चढत नाही, हे वेसाव्याच्या कोळीवाड्यात शेंबडं पोरही सांगेल. बोंबील अंगानं मऊ आणि पाण्यानं भरलेला. जाळ्यातून निघाला की चुलीवर तरी न्यायचा, नाहीतर वलांडीच्या बांबूवर टांगून सुकवायचा. फार बर्फ घालून लांब पाठवायला जावं, तर बर्फ वितळतो, बोंबील त्या पाण्यात बसतो आणि उतरवून घेईपर्यंत त्याचं पिठलं झालेलं असतं. सखुबाईनं उभा जन्म अंधेरीच्या बाजारात मासळी विकण्यात घालवला होता. तिला हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि नेमका तिच्याच लेकीला ओल्या बोंबलाचा डोहाळा लागला.

लेक कल्पिता राहायची पार तिकडे सांगोल्याला. जावई देवदत्त तिथल्या शाळेत मास्तर. पहिलटकरीण माहेरी यायची, पण डॉक्टरनं तिला अंथरुणाला खिळवून ठेवलेलं. प्रवासाचं नावही काढायचं नाही. पोटात अन्न ठरेना. सातवा संपत आला तरी पोरीच्या अंगाला काही लागत नव्हतं. फोनवर ती एकदा म्हणाली, "आये, एक ओला बोंबील मिळाला असता ना, तर मी जेवले असते गो."

हिवाळ्यात तिनं एकदा तो उद्योग करून पाहिला होता. जावयाबरोबर थर्माकोलचा डबा, खाली बर्फ, वर बर्फ. कल्पितानं फोनवर सांगितलं, छान होता. पण छान असलं की तिची लेक कशी बोलते हे आईला ठाऊक होतं. आता मे महिना सरत आलेला. दोन दिवसांनी पावसाळ्याची बंदी लागणार, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जाणार, आणि जाळी पुन्हा पाण्यात पडेपर्यंत पोर बाळंत झालेली असणार. न्यायचा तर आत्ताच. नाहीतर मग डोहाळा तसाच राहायचा.

इथे कृणाल पुढे आला. कृणाल म्हणजे सखुबाईच्या भावाचा मुलगा, पवईच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारा. त्यानं एक जुनी व्हॅन घेतली होती. मागच्या सीटा काढून बिछाना टाकला होता, टपावर एक काळा चकचकीत पत्रा बसवला होता, आत बॅटरीचा एक डबा, आणि त्या बॅटरीवर चालणारा पेटीएवढा फ्रीज. शनिवार आला की हा गडी डोंगरात नाहीतर तळ्याकाठी जाऊन गाडीतच झोपायचा. त्या फ्रीजची किंमत गाडीहून जास्त होती. नाकापेक्षा मोती जड, असं सखुबाई त्याला तोंडावर म्हणाली होती.

"आत्या, एक डिग्रीवर ठेवतो बघ," तो म्हणाला. "गोठणार नाही, पाणी सुटणार नाही. बर्फाचा खडासुद्धा नको. झकास पोचेल."

"आनी वाटेत बंद पडला तर?"

"नाही पडत गं."

सखुबाईचा नवरा रामनाथ दुपारच्या भरतीला शेवटची खेप घेऊन आला. त्यानं टोपलीतून एकेक बोंबील हातात धरून पाहिला, निवडून बाजूला काढला. माणूस बोलायचा कमी. फक्त म्हणाला, "पोरीला सांग, बापानं निवडलेत." ते चकाकणारे, गुलाबी झाक असलेले बोंबील केळीच्या पानावर रांगेनं फ्रीजमध्ये निजले आणि गाडी निघाली.

निघाली खरी, पण जोगेश्वरीच्या रस्त्यावर अशी अडकली की मुलुंडला ऐरोलीच्या पुलाशी येईतो दिवेलागण झाली. पुढं खाडी. आणि सखुबाई म्हणाली, "थांब."

"काय झालं?"

"तिनसांजा झाल्या. ओली मासळी घेऊन आता खाडी नाय ओलांडायची."

कृणालनं कपाळाला हात लावला. "आत्या, यार, दिवसाला हजार गाड्या मासळी घेऊन पूल ओलांडतात."

"त्या इकायला नेतात. मी पोटुशीला नेतंय. वाटेवरचं काय मासळीच्या वासानं मागं लागलं तर? माज्या लेकीच्या घरात?"

तिला तर्क ऐकवून उपयोग नव्हता. तिच्या सासूनं पाळलेलं, सासूच्या सासूनं पाळलेलं. आणि बाकी वेळी तिनं ते मोडलंही असतं, पण या खेपेला नाही. कृणालनं गाडी मिठागरांच्या बाजूच्या मोकळ्या जागेत घेतली. ज्या गाडीत झोपायला तो सह्याद्री पालथा घालायचा, त्या गाडीचा मुक्काम पडला मुलुंडला, पुलाखाली, मच्छरांच्या स्वाधीन. तो पांघरूण डोक्यावर ओढून रागानं झोपला.

सखुबाईला झोप कुठली! तिनं फ्रीजवर हात फिरवला तर त्याच्या कुशीतल्या जाळीतून गरम वाफ येत होती. आत माशांना गार ठेवणारी पेटी बाहेरून तापलेली! तिला काळजी वाटली. तापलेल्या टोपलीला काय करायचं हे तर ती झोपेतही सांगू शकली असती. तिनं सोबत आणलेलं गोणपाट पाण्यात बुचकळलं, पिळलं, आणि तान्ह्या पोराला गुंडाळावं तसं चारही बाजूंनी फ्रीजला घट्ट गुंडाळलं. मग कुठे तिचा डोळा लागला.

पहाटे जाग आली ती शांततेनं. फ्रीजची घरघर बंद होती. त्याच्यावरचा हिरवा दिवा विझला होता.

"कृणाल! ऊठ रं! हा बोलत नाय!"

कृणाल उठला, त्यानं गोणपाट पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला. "आत्या, हे कोणी घातलं?"

"मीच. तापला होता."

"अगं, आतली गरमी तो त्या जाळीतून बाहेर टाकतो! तू त्याचं नाकच दाबलंस. रात्रभर धापा टाकत चालला असणार बिचारा, सगळी बॅटरी पिऊन टाकली. वाट लागली!"

सखुबाईनं गोणपाट ओढून काढलं. आपल्याच हातानं. पोरीच्या तोंडचा घास आपल्याच हातानं घालवला. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि तिनं ते पुसलंही नाही. तिला तसं बघून कृणालचा राग कुठल्या कुठे गेला. तसा तोही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. इंजिनवर बॅटरी भरायची वायर बसवायची तो पावसाळ्यानंतरच्या वायद्यावर टाकत आला होता. म्हणजे गाडी सुरू करून काही उपयोग नव्हता.

"बर्फ आणू?" त्यानं विचारलं.

"बर्फ नको." थर्माकोलच्या डब्याची आठवण तिला पुरेशी होती. कृणाल झाकणाकडे हात नेणार तोच तिनं तो धरला. "उघडू नको. हाय तेवढा गारवा जाईल. आता काय करायचं ता सांग."

"आता सूर्य यायची वाट बघायची."

त्यानं टपावरचा काळा पत्रा सोडवून खाली घेतला आणि गाडीच्या मागच्या दाराशीच, पूर्वेकडे तोंड करून दगडाला टेकवला. त्याची वायर बॅटरीच्या डब्यात खोचली. सखुबाई बघत राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, तो पत्रा सावलीसाठी आहे.

"ह्यानं काय व्हतं?"

"यावर ऊन पडलं की वीज होते. त्या विजेवर फ्रीज."

"उनानं?" सखुबाई चिडलीच. "अरे, ऊन माजा जन्माचा वैरी! टोपली घेऊन बसलं की पयला बर्फ खातंय, मग मासळी खातंय. त्या उनाच्या हातात माजे बोंबील देतंस?"

कृणालनं पत्रा फडक्यानं पुसून घेतला.

मग खाडीपलीकडे उजाडलं. वेसाव्याच्या माणसाला सूर्य माहीत असतो तो बुडणारा. रोज संध्याकाळी समुद्रात उतरतो, लाल होतो, जातो. तो पाण्यातून वर येताना सखुबाईनं आयुष्यात पाहिला नव्हता. आधी खाडीचं पाणी पिवळं झालं, मग तिवरांचे शेंडे, आणि चिखलात लांबवर गुलाबी ठिपके दिसायला लागले. ते हलले तेव्हा कळलं की ते पक्षी आहेत, हजारोंनी. मिठागरांच्या चौकोनांत एकेक करून ऊन उतरत आलं. सखुबाई आपलं दुःख विसरून उभी राहिली. मुंबईत जन्म काढला, आणि मुंबईचं हे दार आपण कधी पाहिलंच नाही, असं तिला वाटलं.

ऊन सरकत सरकत त्या काळ्या पत्र्यावर आलं.

ऊन चांगलं तापेपर्यंत काही झालं नाही. मग बॅटरीच्या डब्यावर एक आकडा लुकलुकला. कृणालनं फ्रीजचं बटण दाबलं. फ्रीजनं एक आचका दिला, थांबला, आणि पुन्हा घरघरू लागला. हिरवा दिवा लागला. त्याखाली आकडा आला: नऊ.

"एकवर यायला हवा," कृणाल हळूच म्हणाला.

सखुबाई वाकून पत्र्याकडे बघायला गेली आणि घरघर थांबली.

"आत्या, बाजूला हो! तुझी सावली पडली!"

ती विंचू चावल्यासारखी मागे सरली. घरघर पुन्हा सुरू. तिचा विश्वास बसेना. तिनं मुद्दाम एक हात पुढे केला, तळव्याएवढी सावली पत्र्यावर पाडली, आणि आवाज बारीक झाला. हात काढला, आवाज मोठा. इथं ऊन पडतंय, तिथं गारवा होतोय. मध्ये फक्त करंगळीएवढी वायर.

तिनं एक हात पत्र्यावर ठेवला. पोळला. दुसरा हात कृणालला न विचारता फ्रीजच्या झाकणावर ठेवला. थंड. ती तशीच उभी राहिली, दोन्ही हातांनी एकच गोष्ट धरून. ऊन बोंबील सुकवतं, हे तिला ठाऊक होतं. ऊन समोरच्या मिठागरात पाण्याचं मीठ करतं, हेही ठाऊक होतं. पण हे? ज्या सूर्यानं जन्मभर तिचा बर्फ खाल्ला, तोच आज गारवा परत करत होता. आणि तो बिचारा कधीपासून द्यायला तयार असेल, आपणच त्याला कधी विचारलं नाही.

त्यानंतर सखुबाई त्या पत्र्याची राखणदार झाली. कावळा बसायला आला, त्याला हाकललं. चहाचा ग्लास हातात घेऊन एक ट्रकवाला गप्पा मारायला जवळ आला, त्यालाही हाकललं. "उनातून सर रं भावा, माजी मासळी थंड व्हतेय!" तो बापडा बघतच राहिला. आयुष्यभर टोपलीसाठी सावली शोधत फिरलेली बाई आज सावलीला दगड मारत होती. सूर्य वर चढेल तसा ती पत्रा त्याच्याकडे वळवत होती, आणि ऊन कडक झालं की तिला बरं वाटत होतं. आकडा सातवर आला, पाचवर आला, मग हळूहळू दोनवर.

"आता उघडू?" कृणालनं विचारलं.

सखुबाईनंच झाकण उचललं. वरचा बोंबील घेतला, कल्ला उलगडला. लाल. पोट दाबलं, बोट उठलं नाही. नाकाशी नेला आणि डोळे मिटले. समुद्राचा वास, दुसरा कसलाही नाही. तिनं तो होता तसा पानावर ठेवला, झाकण लावलं, आणि भर रस्त्याच्या कडेला, ट्रकवाल्यासमोर, पूर्वेकडे बघून हात जोडले.

"चुकलं माजं," ती सूर्याला म्हणाली. "जन्मभर शिव्या दिल्या तुना."

पत्रा टपावर चढला. गोणपाट वाळून कडक झालं होतं. ते तिनं घडी करून स्वतःच्या बुडाखाली घेतलं. गाडीनं खाडी ओलांडली, आणि दुपारच्या रणरणत्या उन्हात, हिरवा दिवा जळत, वेसाव्याचा ओला बोंबील खंडाळ्याचा घाट चढला. सखुबाई साऱ्या वाटेत ढगांकडे संशयानं बघत होती.

सांगोल्याला पोचल्या पोचल्या तिनं पदर खोचला. रव्यात घोळवलेले बोंबील तव्यावर पडले आणि घरभर वेसावा पसरला. कल्पिता उशांना टेकून बसली होती, गालफडं वर आलेली. पहिला घास तिनं भीत भीत घेतला. मग दुसरा घेतला. मग भाकरी मागितली. देवदत्त दारातच उभा राहून तिच्या ताटाकडे बघत होता. सखुबाई तिच्या तोंडाकडे बघत बसली, आता उलटी येईल, मग येईल. आली नाही.

"बाबानं निवडलेत," सखुबाई म्हणाली.

कल्पितानं मान हलवली. तिचे डोळे भरले होते. बोटं चाटत ती म्हणाली, "आये, हिवाळ्यातला खरं तर टाकून दिला होता गो मी. हा तर जाळ्यातून काढल्यासारखा हाय. केवढ्या बर्फात आणलास?"

सखुबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला.

"बर्फात नाय गो बाय," ती म्हणाली. "उनात आणला."